अर्धवट आठवणारा टीव्हीवरचा विनोदी संवाद शोधायचा कसा

शोध सुरू करण्याआधी कागद-पेन घ्या आणि जे आठवतंय ते जसंच्या तसं उतरवा. मोबाइल उघडू नका आणि घरात कुणाला विचारूही नका. कुणी नुसतं "अगं, ते भाऊ कदमचं नाही का?" म्हटलं, तरी त्यानंतर तुमच्या डोक्यात ते वाक्य भाऊ कदमच बोलायला लागतात. मग मूळ आठवण कुठली आणि मागाहून चिकटलेली कुठली, हे तुमचं तुम्हालाही सांगता येत नाही.

कागदावर तीन भाग करा. पहिल्यात ज्या शब्दांबद्दल ठाम खात्री आहे तेवढेच शब्द, मग ते दोनच का असेनात. दुसऱ्यात "असं काहीतरी होतं" या जातीचे शब्द. तिसऱ्यात शब्द सोडून बाकी सगळं: बोलणारा बाई की पुरुष, वय काय, बोली कुठली, कुणाला उद्देशून बोलला, त्याआधी काय झालं होतं, हसण्याचा आवाज कसा होता, घर होतं की रंगमंच, पाहताना तुम्ही कुठल्या घरात राहत होता, जेवणाची वेळ होती की रविवारची दुपार. तिसरा भाग सगळ्यांत मोठा व्हायला हवा, कारण संवाद सापडतो तो बहुतेक वेळा त्याच्याच जोरावर.

विनोद लक्षात राहतो तो प्रसंग म्हणून. कोण कुणाला कसं फसलं, आवाज कसा चिरकला, मध्ये किती थांबला, हे पक्कं बसतं. शब्द मात्र पुढच्या वर्षांत आपणच भरत जातो, आपल्या बोलीत आणि आपल्या व्याकरणात. 'अशी ही बनवाबनवी' या १९८८च्या चित्रपटातलं "हा माझा बायको पार्वती" हे वाक्य घ्या. सगळी गंमत त्या 'हा माझा' मध्ये आहे. बायकोच्या वेशात पुरुष उभा आहे आणि गडबडीत जीभ खरं बोलून जाते. हे वाक्य अर्धवट आठवणारा माणूस नकळत ते सुधारतो आणि "ही माझी बायको पार्वती" असं अवतरणचिन्हांत टाकून शोधतो. अवतरणचिन्हांतला शोध अक्षरशः जुळवतो, त्यामुळे नेमकं मूळ वाक्यच हातचं निसटतं. म्हणून आठवणीत व्याकरणाची चूक असेल, उच्चार विचित्र असेल, एखादा शब्द वाक्यात बसत नसेल, तर तो तसाच राहू द्या. विनोदी संवादात खरी खूण बहुतेकदा त्या चुकीतच असते.

हेच बोलीचं. मालवणी किंवा वऱ्हाडी वाक्य पुण्या-मुंबईतल्या माणसाला प्रमाण मराठीत आठवतं. शब्द विसरले तरी हेल आठवतो का ते बघा. 'माका, तुका, खंय' असं काही कानात असेल तर मालवणी, 'मले, तुले, कायले' असेल तर विदर्भाकडचं, 'काय करायलायस' असेल तर कोल्हापूरकडचं. एवढ्यावरूनही कलाकारांची यादी झपाट्याने आखडते. 'चला हवा येऊ द्या'मध्ये वऱ्हाडी कानावर पडली असेल, तर पहिलं नाव भारत गणेशपुरे यांचं तपासायचं.

काळाची चौकट

पुढचं काम म्हणजे वर्षं बांधून घेणं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ला आली आणि पुढे तिचीच झी मराठी झाली. ई टीव्ही मराठी २०००मध्ये आली आणि २०१५मध्ये कलर्स मराठी झाली. स्टार प्रवाह २००८ची, सोनी मराठी ऑगस्ट २०१८ची. कोपऱ्यातलं चिन्ह किंवा नुसतं वाहिनीचं नाव आठवलं, तरी एक टोक पक्कं होतं. 'अल्फा' हा शब्द आठवणीत असेल तर सोनी मराठीवरची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' तपासण्यात वेळ घालवू नका.

इथे एक फसगत नेहमी होते. चित्र कृष्णधवल आठवतंय म्हणजे कार्यक्रम १९८२च्या आधीचा, असं लोक धरून चालतात. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२मध्ये सुरू झालं हे खरं, पण पुढे कितीतरी वर्षं बहुतेक घरांत कृष्णधवल संचच होता. तेव्हा रंग आठवत नसणं हा तुमच्या घरातल्या संचाचा पुरावा आहे, कार्यक्रमाच्या काळाचा नाही.

त्यापेक्षा हसण्याच्या आवाजावर जास्त विश्वास ठेवा. हसू अजिबात नव्हतं आणि घरातला साधा प्रसंग होता, तर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' किंवा 'प्रपंच' यांसारखी मालिका शोधा. समोर प्रेक्षक होते आणि विनोद संपल्यावर परीक्षक बोलले, तर स्पर्धेच्या धाटणीचा कार्यक्रम. त्यात स्वप्नील जोशी आणि निर्मिती सावंत परीक्षक असतील तर 'फू बाई फू', सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक असतील तर हास्यजत्रा. परीक्षक नव्हते, पण समोर सिनेमाची मंडळी पाहुणी म्हणून बसली होती, तर 'चला हवा येऊ द्या'. या कार्यक्रमाच्या काही पर्वांत स्पर्धाही झाली, म्हणून ही खूण पहिल्या अंदाजापुरतीच वापरा.

कलाकाराचा चेहरा आठवतोय म्हणून कार्यक्रम ठरवणं सगळ्यांत धोक्याचं. तीच माणसं या वाहिनीवरून त्या वाहिनीवर गेलेली आहेत. नीलेश साबळे 'फू बाई फू'तही सूत्रसंचालक होते आणि 'चला हवा येऊ द्या'तही. भाऊ कदम दोन्हीकडे दिसतात. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार हास्यजत्रेच्या आधी कलर्स मराठीवरच्या 'कॉमेडीची बुलेट ट्रेन'मध्येही होते. चेहरा पक्का असेल, तर त्या कलाकाराचे सगळे कार्यक्रम वर्षांसह लिहून काढा आणि बाकीच्या खुणांनी एकेक खोडत जा.

पाहुण्यांची खूण फार कामाची आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात. मराठी सिनेमाची मंडळी अशा कार्यक्रमांत येतात ती साधारणपणे प्रदर्शनाच्या आगेमागे. पाहुणे कोणत्या सिनेमाचे होते हे आठवलं, तर त्याची प्रदर्शनाची तारीख काढा आणि आधीचे तीन-चार आठवडे, नंतरचे दोन-तीन आठवडे एवढेच भाग बघा. उदाहरणार्थ, 'सैराट' २९ एप्रिल २०१६ला लागला. त्याची मंडळी समोर बसलेली आठवत असतील, तर एप्रिल आणि मे २०१६ एवढाच तुकडा चाळायचा. दहा वर्षांचा ढीग दोन महिन्यांवर येतो. विडंबन मात्र वेगळं धरा. गाजलेल्या सिनेमाचं विडंबन तो लागून गेल्यावर कितीही उशिरा होऊ शकतं.

टीव्हीवर ऐकलं म्हणजे टीव्हीचंच असं नाही

टीव्हीवर पाहिलेला विनोद मुळात सिनेमाचा, नाटकाचा, पुस्तकाचा किंवा कथाकथनाचा असू शकतो. 'बनवाबनवी' वाहिन्यांवर इतक्या वेळा लागलेला आहे, की कितीतरी जणांच्या आठवणीत तो दिवाणखान्यातच घडलेला असतो. पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाचंही तसंच. ते कुणी टीव्हीवर पाहिलं, कुणी कॅसेटवर ऐकलं, कुणी आधी पुस्तकात वाचलं. 'व्यक्ती आणि वल्ली'तला छापील मजकूर आणि सादरीकरणातली वाक्यं शब्दाला शब्द जुळत नाहीत. सादर करताना पुलं वाक्य वळवतात, मध्ये भर घालतात. म्हणून पुस्तकात सापडलं नाही तर ध्वनिमुद्रण ऐका, आणि तिथे सापडलं नाही तर पुस्तक उघडा. दोन्हीकडे नसेल तर ते पुलंचं नाही, असं समजायला हरकत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बऱ्याच वाक्यांखाली त्यांचं नाव उगाच चिकटवलेलं असतं.

पुस्तकाचा मार्ग जुन्या दूरदर्शनसाठी तर अटळच आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गाजलेली 'चिमणराव' मालिका पाहा. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. त्या काळचं बरंच काम जपलं गेलं नाही, त्यामुळे हवा तो भाग आज पाहायला मिळेलच असं नाही. पण मालिका चिं. वि. जोशी यांच्या कथांवर बेतलेली होती आणि पुस्तकं उपलब्ध आहेत. आठवणारा प्रसंग 'चिमणरावांचे चऱ्हाट' किंवा 'एरंडाचे गुऱ्हाळ' यांच्या अनुक्रमणिकेत आधी शोधा. जोशी १९६३मध्ये वारले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे १ जानेवारी २०२४पासून त्यांचं लेखन सर्वांसाठी खुलं आहे. त्यामुळे ते जालावर शोधायला आणि पडताळायला कसली आडकाठी नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चंही मूळ प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या लेखनात आहे. तिथली एखादी ओळ मालिकेतली म्हणून आठवत असण्याची शक्यता नेहमी धरावी.

नक्कल हा आणखी एक चकवा. "बाई, वाड्यावर या" हे वाक्य निळू फुले यांच्या आवाजात प्रत्येक मिमिक्री करणाऱ्याने म्हटलेलं आहे. असं वाक्य टीव्हीवर ऐकलं असेल, तर तुम्हाला हवा आहे नक्कल करणारा कलाकार, की ज्याची नक्कल झाली तो सिनेमा, हे आधी ठरवा. दोन्हींचा शोध वेगळ्या वाटेने जातो.

देवनागरीत शोधताना काय बिघडतं

मराठी शोध फसण्याचं सगळ्यांत मोठं कारण तांत्रिक आहे. पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द आत वेगळ्या अक्षरांनी बनलेले असतात. वरच्याच पुस्तकाचं नाव घ्या. गुऱ्हाळ, गुर्‍हाळ आणि गुर्हाळ. पहिल्या दोघांत फरक दिसतच नाही, पण एकात नुक्त्याचा 'ऱ' आहे आणि दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. तिसरा रफारवाला चुकीचा आहे, तरीही तोच कित्येक व्हिडिओंच्या नावात आढळतो, कारण काही कळफलकांवर तोच सोपा पडतो. वाऱ्यावर, दुसऱ्या, तऱ्हा, बिऱ्हाड, कुठलाही असा शब्द असला की तिन्ही रूपं टाकून पाहा, नाहीतर तो शब्दच वगळा. 'ॲ'चंही तेच. ॲक्टिंग आणि अ‍ॅक्टिंग ही दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि बरेच लोक तर सरळ 'एक्टिंग' लिहितात.

दुसरं कारण अनुस्वार. बोलताना 'असं, केलं, कुठं', पण लिहिताना कुणी 'असे, केले, कुठे', कुणी अनुस्वार खाऊन 'अस, केल'. तेव्हा अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घालू नका. त्यातले दोन किंवा तीन दुर्मीळ शब्द निवडा, शक्यतो नामं, आणि सोबत कार्यक्रमाचं किंवा कलाकाराचं नाव द्या. बनवलेलं उदाहरण घेऊ. आठवतंय एवढंच, की कुकरच्या शिट्ट्या मोजताना सासरा सुनेला काहीतरी बोलतो. "काय गं सूनबाई किती झाल्या" हे टाकून काही मिळणार नाही, कारण यातला एकही शब्द दुर्मीळ नाही. 'कुकर शिट्टी सासरा स्किट' टाका, मग 'कुकर' आणि कलाकाराचं नाव. मधला एखादा शब्दच आठवत नसेल, तर अवतरणचिन्हांच्या आत त्याच्या जागी तारांकन द्या. गूगल तिथे इतर शब्द चालवून घेतं.

यानंतर हेच शब्द रोमन लिपीत टाका. यूट्यूबवरची मोठी मराठी सामग्री रोमन नावांनी चढवलेली आहे, आणि 'झ', 'ळ', 'च' यांचं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं असतं. 'झाला' हा शब्द झेडने एकदा आणि जे-एचने एकदा शोधावाच लागतो. दीर्घ आकाराला एक ए की दोन, हेही दोन्ही प्रकारे पाहा. मराठी टाइप करण्याचा कंटाळा असेल, तर मायक्रोफोनचं बटण दाबून वाक्य बोला. भाषा मात्र आधी मराठीवर ठेवा, नाहीतर ते हिंदीत ओढलं जातं.

संवाद नाहीच सापडला, पण शीर्षकगीताची चाल आठवत असेल, तर गूगलच्या ॲपमध्ये गुणगुणून गाणं ओळखायची सोय आहे. चाल शब्दांपेक्षा जास्त टिकते. दहा-पंधरा सेकंद नीट गुणगुणलात तर मालिकेचं नाव हाती लागू शकतं, आणि नाव मिळालं की निम्मं काम झालं.

यूट्यूब आणि ॲपवर

व्हिडिओचं नाव बघून पुढे जाऊ नका. क्लिपला दिलेलं नाव बहुतेकदा त्यातला संवाद नसतो, लक्ष वेधायला बनवलेली ओळ असते. खरी खाण खाली प्रतिक्रियांत आहे. लोक तिथे आवडलेलं वाक्य लिहितात आणि शेजारी मिनिट-सेकंद टाकतात. त्या मिनिटावर दाबलं की थेट तो क्षण येतो. संगणकावर पान उघडून प्रतिक्रिया खालपर्यंत सरकवत न्या आणि मग कंट्रोल आणि एफ दाबून तुमचा दुर्मीळ शब्द शोधा. पानावर जेवढ्या प्रतिक्रिया उतरल्या आहेत तेवढ्यांतच तो शोध चालतो, म्हणून आधी खाली जाणं जरुरीचं. वर्णनाखाली संहितेचं (ट्रान्स्क्रिप्टचं, म्हणजे बोलणं लिहून दाखवणारं) बटण दिसलं, तर तीही उघडा. पण मराठी, त्यातही बोलीतली मराठी, आपोआप उतरवताना यंत्र फार चुकतं. तिथे शब्द मिळाला नाही म्हणजे तो भागात नाही, असं म्हणता येत नाही.

व्हिडिओ चढवल्याची तारीख आणि प्रक्षेपणाची तारीख वेगळी असते, याचं भान ठेवा. २००१मध्ये लागलेल्या भागावर २०१७ची तारीख दिसू शकते. प्रक्षेपणाची तारीख हवी तर झी फाइव्ह, सोनी लिव, जिओहॉटस्टार या ॲपमधल्या भागांच्या याद्या पाहा. तिथे भाग क्रमांक, तारीख आणि बऱ्याचदा पाहुण्यांची नावंही असतात. जुन्या मालिकांच्या याद्या अपुऱ्या असतात, आणि तिथे दैनिकांच्या जुन्या फायली कामी येतात. वर्तमानपत्रं रोजचे दूरदर्शन कार्यक्रम वेळेसह छापत. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत विचारून पाहा.

मीममधून वाक्य आठवत असेल, तर चित्रावर भरवसा नको. एका कार्यक्रमाचं चित्र आणि दुसऱ्याच कार्यक्रमाचं वाक्य, हे नेहमीचं. गूगल लेन्सने चित्राचं मूळ मिळतं, वाक्याचं नव्हे.

एआय चॅटबॉटला विचारायचं तर फक्त संभाव्य कार्यक्रमांची नावं मागा. मराठी विनोदाच्या बाबतीत ते कलाकार, भाग आणि वर्ष अगदी ठामपणे रचून सांगतात. स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय त्यातलं काहीही पुढे पाठवू नका.

माणसांना विचारताना

आता घरच्यांना विचारा, पण प्रत्येकाला वेगवेगळं. एकत्र बसवून विचारलं तर पहिल्या बोलणाऱ्याची आठवण सगळ्यांची होते. वाक्य म्हणून दाखवू नका, प्रसंग सांगा आणि समोरच्याला वाक्य पुरं करू द्या. दोघांनी स्वतंत्रपणे एकच शब्द सांगितला, तर तो कागदाच्या पहिल्या भागात जातो. अनोळखी लोकांना विचारताना ठाम काय आणि अंदाज काय, हे वेगळं लिहा, साधारण वर्षं द्या, आणि आधी तपासून बाद केलेल्या कार्यक्रमांची नावंही द्या. त्याने तीच तीच उत्तरं येणं थांबतं.

सापडलं, हे केव्हा म्हणायचं

पालुपदावर समाधान मानू नका. हास्यजत्रेतलं गौरव मोरे यांचं 'फिल्टर पाड्याचा बच्चन' कितीतरी भागांत येतं. त्यावरून कलाकार कळतो, भाग नाही. भाग ठरवायला त्याच प्रवेशातली दुसरी एखादी खूण जुळली पाहिजे, म्हणजे वेश, समोरचं पात्र किंवा लगेच नंतरचं उत्तर. क्लिप मिळाली की दोन मिनिटं आधीपासून बघा आणि कागदाच्या तिसऱ्या भागाशी ताडून पाहा. शब्द वेगळे निघाले तरी चालेल, पण बोलणारा, समोरचा आणि प्रसंग हे तिन्ही जुळायला हवेत. शब्द जुळले आणि प्रसंग नाही, तर बहुधा तुम्हाला त्याच विनोदाची दुसरी आवृत्ती मिळाली आहे. जुन्या नाटकातली वाक्यं स्किटमध्ये पुन्हा येतात, कधी आदराने, कधी न सांगता. अशा वेळी दोन्ही नोंदवा आणि आधीची कुठली, ते प्रक्षेपणाच्या किंवा प्रयोगाच्या तारखेवरून ठरवा.

शेवटी नोंद करून ठेवा: वाक्य जसं उच्चारलं तसं, पात्र, कलाकार, कार्यक्रम, भाग किंवा तारीख, आणि व्हिडिओतलं मिनिट-सेकंद. सोबत लेखकाचं नाव शोधा. ते प्रवेशाच्या आधी पाटीवर किंवा शेवटच्या श्रेयनामावलीत असतं, आणि ती नामावली भर्रकन सरकते म्हणून व्हिडिओचा वेग पाववर आणून वाचावी लागते. वाक्य ज्याच्या तोंडून ऐकलं त्याच्या नावावर ते फिरत राहतं. ज्याने ते लिहिलं त्याचं नाव तुमच्या नोंदीत तरी असू द्या.